शेवट सांगणाऱ्या मगदूमबाई

“धाकटा भाऊच आहे तो,” मगदूमबाई म्हणाल्या. “विहिरीच्या दोराला गाठ मारणारा डावखुरा होता ना? मग झालं तर.”

आमची भाड्याची जीप जमखंडी सोडून लोकापूरच्या रस्त्याला लागली होती. माझ्या मांडीवर तीनशे चाळीस पानांची रहस्यकथा उघडी होती आणि तिची शेवटची चाळीस पानं उरली होती. ती पानं मी मुद्दाम राखून ठेवली होती. घरी कामांच्या मध्ये उरकायची नाहीत, बदामीच्या वाटेवर खिडकीशी बसून सावकाश वाचायची, असं आठ दिवस ठरवलेलं.

मी पुस्तक मिटलं. “मगदूमबाई, मी तुम्हाला विचारलं होतं का?”

“नाही. पण तुम्ही उगाच त्या गड्यावर संशय घेत बसला असतात. वेळ वाचला तुमचा.”

“मला तो वेळ घालवायचाच होता!”

पुढच्या सीटवरून नलूताई वळल्या आणि माझ्यासमोर भडंगाची पिशवी धरली. नलूताईंचा सगळ्या भांडणांवर तोच उपाय असे. मी मूठभर भडंग घेतलं आणि बदामी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पुस्तक पुन्हा उघडलं नाही. ते आजही तीनशे पानांपर्यंतच वाचलेलं आहे.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सांगलीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. आम्ही पाचजणींनी एक मंडळ काढलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता कुणा एकीच्या घरी जमायचं आणि महिन्याभरात काय वाचलं, कुठला सिनेमा पाहिला, कुठलं गाणं ऐकलं, कुठे फिरून आलो ते प्रत्येकीने सांगायचं. वही माझ्याकडे. कोण काय बोललं ते मी तारखेसकट लिहून ठेवत असे. वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम होता, आणि तो मीच घातला होता: गोष्टीचा शेवट सांगू नये.

हा नियम मगदूमबाईंना मान्य नव्हता. त्यांनी तसं सांगितलंही नाही, नुसता पाळला नाही. चौतीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. म्हणायच्या, “ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं लोक ख्यालीखुशालीत घालवायचे आणि खरा निरोप राहून जायचा. मला आधी शेवट कळला की बरं वाटतं.” कादंबरी सांगताना त्यांची सुरुवातच “ती शेवटी परत येते” अशी व्हायची. त्याच कलाकाराची मैफल त्या आदल्या दिवशी दुसऱ्या गावी ऐकून आलेल्या असल्या, तर आम्हाला दारातच सांगायच्या, “भैरवीची वाट बघू नका, बेताचीच होते.” किल्ल्यावर सोबत गेलं तर निम्म्या वाटेत, “वर काही नाही हो, एक टाकं आहे आणि तेही कोरडं.” मी जेवढी चिडायचे तेवढ्या त्या शांत असायच्या. त्यांना माझ्या चिडण्याचं खरोखरच नवल वाटायचं.

बदामीतही तेच. लेण्यांच्या पायऱ्या चढायला लागलो न लागलो तोच त्या म्हणाल्या, “चौथ्यात तीर्थंकर आहेत, ते बघा. बाकी माकडं.” आणि परतीच्या वेळी जीपमध्ये चढता चढता मागे वळून नलूताईंना कुठल्याशा मालिकेचा शेवट सांगत असताना त्यांचं डोकं दाराच्या वरच्या पट्टीवर आपटलं. चांगला टण्णकन आवाज आला.

“लागलं का?” जयश्रीने विचारलं. जयश्री आमच्यात सगळ्यात धाकटी, बँकेतली.

“जीपला लागलं नाही ना, ते बघा,” मगदूमबाई डोकं चोळत म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं. दोन मिनिटं तरी गप्प बसतील म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

डिसेंबरचं मंडळ नलूताईंकडे होतं. मगदूमबाईंनी त्या दिवशी एक सिनेमा सांगितला. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा, मुलगा त्याची क्लॅरिनेट विकून टाकतो, अशी गोष्ट. तो सिनेमा मीही पाहिला होता, सुनेबरोबर, चार दिवसांपूर्वीच.

“शेवटी म्हातारा मुलाच्या दारात मरतो,” मगदूमबाई म्हणाल्या. “भर पावसात.”

“मरत नाही,” मी म्हणाले.

“मरतो हो.”

“मगदूमबाई, त्या सिनेमात पाऊसच नाही. शेवटी म्हातारा दुसऱ्याच्या वरातीत उभा राहतो आणि बँडमधल्या नव्या पोराचा टाय सरळ करतो. तिथे संपतो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी शोधत असल्यासारख्या. मग म्हणाल्या, “टाय? नाही हो. मरतो तो.”

“जाऊ दे ना,” नलूताई म्हणाल्या, “चकल्या घ्या.”

घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: “श्रीमती मगदूम यांनी सिनेमाचा शेवट चुकीचा सांगितला.” आणि ‘चुकीचा’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. जवळजवळ दोन वर्षं मी त्यांचे शेवट ऐकून घेतले होते. एकदाही चूक सापडली नव्हती. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढे मी टपूनच बसले. डिसेंबरअखेर मिरजेत एक मैफल झाली. आम्ही दोघी शेजारी बसून ऐकली. वीज गेली, गायिकेने अंधारात थोडा वेळ गायलं, मग नमस्कार करून उठली. आठवड्याने मगदूमबाईंनी मला फोन केला तेव्हा म्हणाल्या, “काय भैरवी झाली हो त्या दिवशी!” मी ते दुरुस्त केलं नाही, साठवून ठेवलं. त्याच फोनवर त्यांनी माझ्याकडून नेलेली एक कादंबरी वाचून झाल्याचं सांगितलं. धरणात बुडणाऱ्या गावातल्या पोस्टमास्तरीण बाईंची कादंबरी होती ती. मी जयश्रीकडून तिची दुसरी प्रत मागवून घेतली.

जानेवारीचं मंडळ माझ्याकडे होतं. मी विश्रामबागेत राहते. बैठकीत पाचजणी बसल्या, पुढ्यात भडंगाच्या वाट्या. मगदूमबाईंची पाळी आली. सांगताना त्या अडखळत होत्या, गावाचं नाव त्यांना आठवेना. पण शेवटाला आल्यावर आवाज खणखणीत झाला.

“ती भावाकडे निघून जाते. पुण्याला. बस.”

मी पाठीमागच्या उशीखालून पुस्तक काढलं. खुणेची चिठ्ठी घालून ठेवलेली होतीच.

“पान दोनशे अठ्ठ्याऐंशी,” मी म्हणाले, आणि शाळेत वाचायचे तशा स्वच्छ आवाजात ते अख्खं पान वाचून दाखवलं. पोस्टमास्तरीण बाई कुठेही जात नाहीत. पाणी पायरीला लागेपर्यंत त्या टेबलाशी बसून असतात आणि शेवटच्या पत्रावर शिक्का मारतात. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं. “त्या मैफिलीत भैरवीही झाली नव्हती, मगदूमबाई. वीज गेली होती. बावीस महिने तुम्ही आम्हाला शेवट सांगताय. आता निदान शेवट तरी नीट वाचत चला.”

नलूताईंच्या हातातला घास हातातच राहिला.

“असं आहे का,” मगदूमबाई म्हणाल्या.

त्यांनी आपली वाटी उचलली. ती भरलेलीच होती. भिंतीला हात लावत त्या स्वयंपाकघरात गेल्या, वाटी ओट्यावर ठेवली आणि बैठकीतून, कुणाकडे न बघता, बाहेर पडल्या. भिंतीला लावलेला हात मी पाहिला. मला वाटलं, नाटक आहे.

“हेमलताताई, हे जरा जास्तच झालं,” जयश्री म्हणाली.

“जास्त काय त्यात? खरं तेच सांगितलं.”

सगळ्या गेल्यावर लक्षात आलं की मगदूमबाई माझ्या चपला घालून गेल्या आहेत. माझ्या नव्या, कोल्हापुरातून मागवलेल्या. दारात त्यांच्या जुन्या रबरी तळव्याच्या पडल्या होत्या, माझ्यापेक्षा दोन नंबरांनी मोठ्या. माझा जो संताप झाला! ही सूड घ्यायची कुठली रीत? फोन केला, त्यांनी उचलला नाही. रविवारी सकाळी त्यांच्या चपला पिशवीत कोंबून मी रिक्षाने गावभागात, त्यांच्या घरी गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होते.

त्यांच्या दारात दुधाच्या तीन पिशव्या पडल्या होत्या. त्यातली एक फुटली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. मगदूमबाईंच्या अंगावर कालचीच साडी होती. केस विंचरलेले नव्हते.

“या, या,” त्या म्हणाल्या. “मी निघतच होते. आज कुणाकडे आहे मंडळ?”

“मगदूमबाई, आज रविवार आहे. मंडळ काल झालं. माझ्याकडे.”

“तुमच्याकडे?”

“हो.”

“मी आले होते?”

मी ठरवून आणलेलं सगळं बोलणं तिथेच विसरले. खाली बघितलं. त्या घरात चपला घालून उभ्या होत्या. मगदूमबाई, ज्यांनी गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही उंबऱ्याबाहेर बूट काढायला लावले होते. उजव्या पायात माझी चप्पल होती. डाव्या पायातली निसटून दोन हात मागे पडली होती आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

“डोकं दुखतंय का तुमचं?”

“दुखतंच. थंडीत दुखतं.”

“किती दिवस?”

“थंडी आल्यापासून.” मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. “तुम्ही का आलात? मला वेडी ठरवायला आलात?”

“तुमच्या चपला द्यायला आले,” मी म्हणाले. “आणि आता आपण डॉक्टरांकडे जातोय.”

“मी कुठेही येणार नाही.”

“येणार.”

“बर्वेबाई, तुम्ही शाळेत नाही आहात.”

“आणि तुम्ही शुद्धीत नाही आहात!”

अर्धा तास असाच गेला. शेवटी त्या आल्या, पण माझं ऐकून नाही. जिना उतरताना पाय दुमडला आणि त्यांनी माझा दंड धरला. तो त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

कोपऱ्यावरचे डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. रविवार असूनही खाली आले, पण चहा अर्धा टाकून आल्यासारखे. रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली. “वय काय? सहासष्ट? होतं असं. एकट्या राहतात, झोप कमी. गोळ्या देतो.”

“डॉक्टर, या गोष्टींचे शेवट चुकीचे सांगायला लागल्या आहेत.”

“कसल्या गोष्टींचे?”

“कादंबऱ्यांचे. सिनेमांचे.”

ते हसले. “अहो बाई, सिनेमाचा शेवट विसरणं हा काही आजार नाही. मी तर मध्यंतरापर्यंतच बघतो.”

“तुम्ही विसरू शकता. या विसरत नाहीत!” माझा आवाज इतका चढला की कंपाउंडर दारात आला. “दोन वर्षं मी यांचे शेवट ऐकतेय. वैताग आलाय मला त्यांचा. एकही चुकलेला नाही. आणि महिन्याभरात तीन चुकले. पायातली चप्पल गेलेली यांना कळत नाही. गोळ्या कसल्या देता?”

मगदूमबाई स्टुलावर बसून आमच्याकडे बघत होत्या. आम्ही तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटत असावं.

डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी मगदूमबाईंना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डोळे मिटायला लावले. डावा हात हळूहळू खाली येत गेला.

“या कुठे पडल्या होत्या का? डोक्याला काही लागलं? दोन महिन्यांत?”

मी “नाही” म्हणणार होते. तोंडात शब्द आलाही होता. मग तो टण्णकन झालेला आवाज मला आठवला.

मिरजेच्या हॉस्पिटलात दुपारी एकपर्यंत डोक्याचे फोटो हातात आले. कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साचलं होतं. थोडं थोडं करत दीड महिना साचत गेलेलं. संध्याकाळीच ऑपरेशन करायला हवं होतं. मगदूमबाईंचा मुलगा अभिनंदन पुण्याहून निघाला होता, पण तो अजून कऱ्हाडलाही पोचला नव्हता. फोनवर त्याने होकार दिला. कागदावर सही करायला मात्र समोर मी एकटीच.

“पेशंटशी नातं?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“आम्ही एका मंडळात आहोत.”

“तसं नाही चालत मॅडम. बहीण, नणंद, जाऊ, काय ते सांगा.”

“यातलं कुणीच नाही मी.”

“मग शेजारीण लिहू?”

“मी विश्रामबागेत राहते, त्या गावभागात. शेजारीण कुठून? मैत्रीण लिहा.”

ते खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, “वेळेत आणलंत. आणखी तीन-चार दिवस गेले असते तर अवघड होतं. कुणाच्या लक्षात आलं?” अभिनंदन तोवर पोचला होता. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये वाकून माझ्या पाया पडला. मी मागे सरकले. भिंत होती, नाहीतर आणखी सरकले असते.

लक्षात आलं होतं ते बारा डिसेंबरला. माझ्या वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा ओढून. जानेवारीची दहा तारीख उजाडेपर्यंत मी काय केलं होतं? एक मैफिलीची चूक साठवली होती आणि एका पुस्तकाची दुसरी प्रत मिळवली होती.

आठव्या दिवशी मी भेटायला गेले. मगदूमबाई उशांना टेकून बसल्या होत्या. केस काढलेले, डोक्याला पांढरा रुमाल. चेहरा लहान झाला होता, पण नजर पूर्वीची, थेट. डावा पाय अजून उशिरा ऐकत होता. मला बघताच शेजारी बसलेल्या अभिनंदनकडे बोट दाखवत म्हणाल्या, “या बर्वेबाई. याला तुमच्याबद्दल बोलण्यावाचून दुसरा उद्योग नाही आठ दिवस.”

“काकू नसत्या तर आई…” अभिनंदनने पुन्हा सुरू केलं.

“अभिनंदन,” मी म्हणाले, “खाली जाऊन चहा घेऊन ये बाबा. आणि सावकाश ये.”

तो गेला. मी पलंगाशी उभी राहिले.

“मगदूमबाई, त्या शनिवारचं तुम्हाला काय आठवतं?”

“कुठल्या?”

“माझ्याकडच्या.”

“काही नाही हो. बदामी आठवते. नंतर एकदम हा पंखा.” त्यांनी छताकडे बोट केलं. “मधलं सगळं गेलं. डॉक्टर म्हणतात, येईलही, येणारही नाही.”

मी मोकळी होते. हे मला तिथे उभं असताना अगदी स्वच्छ कळलं. नलूताई कधी विषय काढणार नव्हत्या. जयश्रीने मला आधीच सांगितलं होतं, “झालं गेलं, त्यांना कशाला आता.” सांगायची गरज कुणालाच नव्हती. मी न सांगता घरी गेले असते तर आयुष्यभर त्यांचा जीव वाचवणारी बाई राहिले असते.

“मी सांगते,” मी म्हणाले, आणि सांगितलं. कोण कुठे बसलं होतं. त्या अडखळत होत्या आणि मला ते दिसत होतं. पुस्तक आधीच उशीखाली ठेवलं होतं, ते योगायोगाने सापडलेलं नव्हतं. पान कितवं. शेवटी मी काय बोलले, ते शब्द जसेच्या तसे. बदामीला त्यांचं डोकं आपटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही सांगितलं. डिसेंबरातच पहिली चूक पकडली होती आणि त्या रात्री छान झोपले होते, हेही.

मगदूमबाई माझ्याकडे बघत ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“मग मी काय केलं?” त्यांनी विचारलं.

“वाटी उचललीत. स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवलीत. आणि गेलात.”

“रडले का?”

“नाही.”

“कुणी उठलं का माझ्यामागे?”

“नाही.”

“तुम्ही?”

“नाही.”

त्या खिडकीकडे बघायला लागल्या. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. एकेक चादर झटकल्याचा आवाज वर येत होता. पाच-सहा चादरी झाल्या असतील. मला निघावंसं वाटत होतं.

मग मगदूमबाईंनी दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि भिंतीकडे सरकवला. धाप लागली त्यांना. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

“बस,” त्या म्हणाल्या.

या दोन वर्षांत त्यांनी मला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती.

“बस गं हेमलता, उभी काय राहिलीस. आणि डिसेंबरचं घाईत सांगितलंस. ते नीट सांग. काय म्हणाले मी, तू काय म्हणालीस, सगळं सांग.”

मी बसले.